चाकूला कारण हवं

हे बघा, मला फक्त एक चाकू घ्यायचा होता. घडीचा, खिशात मावणारा, रोज जवळ बाळगता येईल असा एक साधा, चांगला चाकू. लोक एका दुपारीत फ्रीज घेतात. मी तोनियाला लग्नाचं विचारलं तेसुद्धा हातातलं आइस्क्रीम वितळायच्या आत विचारून मोकळा झालो होतो (तिनं उत्तर द्यायला वेळ लावला, ती गोष्ट वेगळी). पण या चाकूपायी माझं असं काही झालंय ना, की आमच्या ऑफिसातले लोक अजूनही मी लिफ्टमध्ये शिरलो की नाकाला हात लावतात. नाकाला का, ते येईलच ओघात.

याच्या मुळाशी आहेत माझे सासरे.

आम्ही राहतो काल्यारीत, म्हणजे आमच्या बेटाच्या राजधानीत, बंदराच्या वरच्या अंगाला. मी पक्का शहरातला. विमा कंपनीत चेपलेल्या गाड्यांचे फोटो बघतो आणि चेपा नवा की जुना ते ठरवतो. तोनिया मात्र वर डोंगरातली, नुओरोच्याही पलीकडची. तिचे वडील बुस्तियानू मेंढ्या पाळतात, चीज करतात आणि बोलत नाहीत. गावात त्यांना सगळे बुस्तियानूकाका म्हणतात, मीही तेच म्हणतो.

गेल्या वर्षी, आमचं लग्न ठरल्यावर, मेंढ्या कातरायच्या दिवशी मला पहिल्यांदा वर बोलावलं. त्या दिवशी सगळं गाव मदतीला येतं आणि दुपारी मोठी पंगत बसते. कांदे-बटाटे घालून उकडलेलं मेंढीचं मटण, बुचाच्या झाडाच्या सालीच्या परातींतून, वाफाळतं. मटण आलं तसे सगळ्यांचे हात खिशात गेले, चाकू बाहेर आले, पँटवर पुसले गेले आणि कापाकापी सुरू झाली. मी वाट बघत बसलो. नंतर शेजारच्या म्हाताऱ्याला हळूच विचारलं, "काटे-चमचे कुठे ठेवलेत?"

पंगत थांबली.

बुस्तियानूकाकांनी माझ्याकडे बघितलं. मग माझा वाटा स्वतःकडे ओढला, हाड काढलं, चरबी काढली, मटणाचे बारीक बारीक तुकडे केले आणि परत माझ्यापुढे सरकवले. एका तुकड्यावर फुंकर मारल्यासारखंही मला वाटलं, पण तोनिया म्हणते तो वारा होता.

तर यंदा जावई म्हणून माझी पहिली कातरणी. तोनियानं फेब्रुवारीतच सांगून टाकलं, "हे बघ रेमो, बाबा माणसाला दोनदा बघतात. पहिल्यांदा सोडून देतात. दुसऱ्यांदा बघितलं की मत कायम. थोरल्या ताईच्या नवऱ्याला दुसऱ्या वर्षी मेंढीनं पाडलं, बाबा अजून त्यांच्या हातात मेंढ्या हाकायची काठी देत नाहीत."

"म्हणजे यंदा माझं मटण मी कापायचं."

"निदान तेवढं तरी."

मी ठरवलं, चाकू घ्यायचा. चांगला घ्यायचा. असा घ्यायचा की पंगतीनं माना वळवून बघितलं पाहिजे. इथंच चुकलं माझं. स्वयंपाकघरातला फळं कापायचा चाकू रुमालात गुंडाळून नेला असता तर आज ही गोष्ट तुम्हाला ऐकावी लागली नसती.

बाजाराच्या मागच्या गल्लीत चाकूंचं दुकान आहे. तिथल्या बाई, सिन्योरा अत्सेनी, काउंटरवर कोपर टेकून उभ्या होत्या.

"काय कापणार?"

"म्हणजे, रोजचंच."

"रोजचं म्हणजे?"

मी विचार करायला लागलो की गेल्या महिन्याभरात आपण नेमकं काय कापलं. "खोक्यांवरची चिकटपट्टी," मी म्हणालो.

"त्याला घराची किल्ली पुरते."

तरी बिचाऱ्यांनी मांडले सगळे समोर. एक आमच्याकडचा पारंपरिक, मेंढ्याच्या शिंगाच्या मुठीचा, पानासारख्या पात्याचा. एक लाकडी मुठीचा, फ्रान्सचा. एक लाल, त्यात कात्री, बाटली उघडायचं, दात कोरायचं, बहुतेक शोधलं असतं तर पलंगही निघाला असता. आणि एक काळा. काळ्याच्या पात्यावर बारीक बटणासारखं एक बोंडूक होतं, त्यावर अंगठा मारला की टक्. एका हातानं, क्षणात उघडा. तो आवाज ऐकला आणि मी चाकू मिटून परत टक् केलं, मग परत.

"हातात कसा वाटतो?" बाईंनी विचारलं.

"चाकूसारखा."

"चांगली सुरुवात आहे."

पण घेतला नाही. घेववेना हो. बसस्टॉपवर आलो की शिंगाचा बरा वाटायचा, घरी पोचेपर्यंत लाकडी, आणि झोपताना टक् ऐकू यायचं. परत जायचो. चौथ्या-पाचव्या खेपेला तर बाई मला बघितलं की शेजारच्या कॅफेतून दोन कॉफ्या सांगायच्या आणि गिऱ्हाइकांना म्हणायच्या, "हा नाही घेणार, तुम्ही या पुढं."

त्यात ऑफिसात मुरेद्दू. माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. त्याच्याकडे चाळीसेक चाकू आहेत आणि बोलायला दुसरा विषय नाही. त्याला विचारलं ही माझी दुसरी चूक.

"पोलाद कुठलं?" तो म्हणाला.

"चकचकीत."

त्यानं डोळे मिटून घेतले. "लॉक आहे का? नसेल तर बोटावर मिटेल. मिटल्यावर पातं बरोबर मधोमध बसतं का? आणि धार. धारेची परीक्षा एकच. हातावरचे केस. घासावं न लागता निघाले पाहिजेत."

झालं. दुकानात जायचं, चाकू उचलायचा, बाही वर करायची आणि केस काढून बघायचे. एप्रिलच्या शेवटी तोनिया जेवताना म्हणाली, "रेमो, तुझा डावा हात पोहणाऱ्या माणसासारखा का झालाय?"

मी बाही खाली ओढली. त्या रात्री कुशीवर कुशी बदलल्या, उठून पाणी प्यायलो, परत झोपलो, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पळत जाऊन काळा घेऊन टाकला. सिन्योरा अत्सेनींनी पिशवी हातात देताना माझा हात जरा वेळ धरून ठेवला. निरोप देतात तसा.

आता चाकू आला म्हटल्यावर माणूस शांत व्हायला पाहिजे की नाही? मी जास्तच बिथरलो. दर दोन मिनिटांनी खिसा चाचपायचा. आहे ना? आहे. बसमध्ये टक्. टीव्ही बघताना टक्. ऑफिसात गाड्यांचे चेपे बघताना टेबलाखाली टक्, टक्. तोनिया म्हणाली, "घरात घड्याळ असल्यासारखं वाटतंय, फक्त वेळ कळत नाही."

मुरेद्दूला मोठ्या रुबाबात दाखवला. त्यानं उघडला, मिटला, उन्हात धरला, मान डोलावली. माझी छाती फुगली.

"आणि कारण काय सांगणार?" तो म्हणाला.

"कसलं कारण?"

"पोलिसांनी अडवलं तर. योग्य कारण नसताना चाकू खिशात घालून फिरणं हा गुन्हा आहे."

"हे तू आता सांगतोयस?"

"तू पोलादाचं विचारलंस. कायद्याचं कुठं विचारलंस?"

"मग तू काय कारण सांगतोस?"

"मी कशाला सांगू? माझे सगळे घरी कपाटात आहेत. मी काय वेडा आहे का घेऊन फिरायला?" मग माझा चेहरा बघून त्याला दया आली असावी. "कापण्याजोगं काहीतरी जवळ ठेव. पोलिसांनी विचारलं तर म्हणायचं, हे कापायला तो चाकू."

त्या दिवसापासून मी सकारण फिरायला लागलो. आधी नासपतीचं फळ ठेवलं. ते बॅगेत फुटलं आणि दोन चेपलेल्या गाड्यांचे फोटो आणखी चेपले. मग सुकं सॉसेज ठेवलं, तर बसस्टॉपपासून ऑफिसपर्यंत एक कुत्रं मागं लागलं आणि आठवडाभर रोज वेळेवर यायला लागलं (माझ्यापेक्षा वेळेवर). मग सुचलं, अरे, घरात सासऱ्यांचं चीज आहे की. दर महिन्याला बुस्तियानूकाका बसच्या ड्रायव्हरकडे एक ढेप पाठवतात. जुनं, मुरलेलं, कडक. फुटत नाही, गळत नाही. आणि सासऱ्यांचा आशीर्वाद खिशात असल्यासारखा.

एक गोष्ट विसरलो. आशीर्वादाला वास होता.

मे महिना. ऑफिसचा एसी बंद. पहिल्या दिवशी लोक एकमेकांच्या बुटांकडे बघायला लागले. दुसऱ्या दिवशी आमच्या साहेबीणबाई, सिन्योरा कोर्दा, म्हणाल्या की गटार तुंबलंय. तिसऱ्या दिवशी प्लंबर आले आणि त्यांनी बाथरूमची फरशी उचकटली. मी जाऊन बघितलंसुद्धा, मान हलवली, "जुनं बांधकाम," असंही म्हणालो. संध्याकाळी त्यातला एक प्लंबर माझ्या टेबलापाशी थांबला, त्यानं हवेत नाक फिरवलं, आणि माझ्या कोटाच्या खिशाकडे बोट दाखवलं.

सिन्योरा कोर्दांनी मला केबिनमध्ये बोलावलं. खिडकी उघडी ठेवून.

"हे काय आहे?"

"कारण," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं. नासपतीपासून.

त्यांनी दुसरी खिडकीही उघडली. "रेमो," शेवटी म्हणाल्या, "कारण बदला. नाहीतर ऑफिस बदला."

म्हणून मी सुपरमार्केटमधून ते दुसरं चीज घेतलं. पोरांच्या डब्यात देतात ना, ते. बोटाएवढी पिवळी कांडी, प्लास्टिकमध्ये बंद, समुद्रापलीकडून आलेली, आणि वर हॅट घातलेल्या गाईचं चित्र. वास नाही, चव नाही, कुणाची तक्रार नाही. आणि चाकू ज्या खिशात, कांडीही त्याच खिशात. वेगळ्या खिशात ठेवली तर पोलिसांना दोघांचा संबंध कळणार कसा?

कातरणीच्या दिवशी पहाटे आम्ही गाडीनं निघालो. मी एका हातानं गाडी चालवत होतो, दुसऱ्यानं खिसा चाचपत होतो.

"दोन्ही हात वर ठेव," तोनिया म्हणाली.

"आहे की नाही तेवढं बघतोय."

"तो उडून जाणार नाहीये. आणि तुझा पाय का हलतोय? ब्रेकवर आहे तो."

नुओरोच्या अलीकडे नाक्यावर पोलिसानं हात केला. मी आधी खिसा चाचपला. मी काच खाली केली.

"कागद," तो म्हणाला.

मी त्याच्या हातात चीज दिलं.

त्यानं ते उलटंपालटं करून बघितलं. "हे काय?"

"कारण."

"कशाचं?"

"चाकूचं."

"कुठला चाकू? मी चाकूचं विचारलं का?"

तोनिया माझ्यावरून वाकून म्हणाली, "साहेब, हा माझा नवरा. पहिल्यापासून असा नव्हता, हिवाळ्यानंतर झालाय. आम्ही माझ्या वडिलांकडे कातरणीला चाललोय, हे घ्या गाडीचे कागद."

कातरणी म्हटल्यावर त्याचा चेहरा एकदम मवाळ झाला. "कातरणीला चाकू लागणारच. त्याला काय विचारायचं." कागद परत दिले, मग दोन बोटांत धरून चीज परत दिलं. "पण हे वर कुणाला दाखवू नका," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मीही तिकडचाच आहे."

मी ऐकलं. पण फेकून देववेना. येताना दुसऱ्या पोलिसानं अडवलं असतं तर?

वर पोचलो. मला काम दिलं मेंढ्यांचे मागचे पाय धरायचं. ऐकायला सोपं आहे. मेंढी तुमच्या मांडीवर पडते, पाय झाडते, मग घाबरून सगळा भार टाकते, आणि तिच्या अंगावर वर्षभराची लोकर असते. जूनचं ऊन डोक्यावर. एकामागून एक मेंढ्या माझ्या उजव्या मांडीवर, म्हणजे उजव्या खिशावर, येऊन पडत होत्या. खिशाशी काहीतरी ओलसर, कोमट लागत होतं. मला वाटलं, मेंढी आहे, घाबरली असेल. तिला काय बोलायचं.

पण मी सोडली एकही नाही. दुपारी बुस्तियानूकाकांनी हात धुतले, फळ्यांच्या लांब टेबलापाशी गेले, आणि बसायच्या आधी मला हाताची खूण केली. त्यांच्या शेजारी. उजव्या बाजूला. तोनियानं लांबून, मटणाच्या हंड्याशेजारून, माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, झालं, जिंकलो. आता फक्त एक टक्.

परात आली. सगळ्यांचे चाकू बाहेर आले. मी मुद्दाम थांबलो. सगळे कापायला लागले, जरा शांत झालं, तेव्हा मी खिशात हात घातला, चाकू वर काढला, पंगतीला नीट दिसेल असा धरला आणि अंगठा मारला.

काही नाही.

परत मारला. बोंडूक घसरलं. माना वळायला लागल्या (हेच हवं होतं ना मला). तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी ताकद लावून ओढला, आणि तो उघडला. हळू. पचक असा आवाज करत. पातं आणि मूठ यांच्यामध्ये पिवळी, लांब, चिवट तार ताणली गेली, ऊन तिच्यावर चमकलं, आणि ती माझ्या मनगटावर येऊन पडली.

समोर ब्योरेकाका होते, म्हातारे, सासऱ्यांचे शेजारी. ते घास थांबवून म्हणाले, "पोरा, तुझ्या चाकूला सर्दी झालीय."

तारेबरोबर खिशातून फाटकं प्लास्टिकही वर आलं होतं. ते मी डाव्या हातात घट्ट धरलं, लपवायला. बुस्तियानूकाकांनी माझी बोटं एकेक करून उघडली. दिवसभर मेंढ्या धरणारी बोटं ती, माझं काय चालणार.

"गाय," ते म्हणाले.

"हो, काका."

"हिनं टोपी का घातलीय?"

"ऊन असेल."

त्यांनी मान वळवून तोनियाकडे बघितलं. "घरातलं संपलं का?"

"नाही, बाबा. अर्धी ढेप आहे अजून."

"मग हा हे का खातो?"

"खात नाही, बाबा," तोनिया म्हणाली. मला वाचवायला म्हणाली बिचारी. "नुसतं बाळगतो."

आता पंगतीत कुणीच जेवत नव्हतं. तीस मेंढपाळ आणि मी. बुस्तियानूकाकांनी विचार केला. मग अगदी शांतपणे, खरंच कळून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, "माझं का नाही बाळगत?"

इथं मी काहीही सांगू शकत होतो. तुमचं इतकं चांगलं आहे की उरतच नाही, असं म्हणता आलं असतं. रस्त्यात पोलिसाला दिलं, असंही. माझं डोकं तीन महिने चाकूच्या पोलादात अडकलेलं. तोंडातून निघालं, "वास येतो."

वाऱ्यानंही थांबायला नको होतं, पण थांबला. कातरलेल्या मेंढ्या पलीकडे गप्प झाल्या. बुस्तियानूकाकांनी माझ्या मनगटावरची पिवळी गुठळी बोटानं निपटली आणि टेबलाखालच्या कुत्र्यापुढे धरली. कुत्र्यानं वास घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि उठून दुसऱ्या सावलीत गेलं.

मग ते उठले. चीजच्या खोलीत गेले. एक काळ्या पाठीची ढेप घेऊन आले, मला वाटतं माझ्या लग्नाच्याही आधीची. स्वतःचा चाकू काढला, झिजून बोटाएवढं पातं राहिलेला, मूठ तारेनं बांधलेली. त्या चाकूनं पातळ चकती कापली आणि चाकूच्या टोकावर माझ्यापुढे धरली.

असा तुकडा पुढं केला की हातानं घ्यायचा, हे मलाही माहीत आहे. पण माझ्या उजव्या हातात तो उघडा चाकू, सांध्यात चीज बसल्यामुळे मिटायला तयार नाही. डाव्या हातात गाय. खाली ठेवू कुठं? समोर मटणाची परात. सगळे बघतायत, सासरे तुकडा धरून उभे, माझे दोन्ही हात अडकलेले.

मी आ केला.

खरंच केला. डोळेसुद्धा मिटले, चर्चमध्ये प्रसाद घ्यायच्या सवयीनं.

बराच वेळ काही झालं नाही. मग टोकावरचा तुकडा त्यांनी बोटांत घेतला आणि माझ्या तोंडात ठेवला.

"चाव," बुस्तियानूकाका म्हणाले. मी चावलं. "गिळ." गिळलं. "वास?"

"नाही, काका."

आणि तुम्हाला सांगतो, फार चांगलं होतं ते. धुराचं, खारट, गवतासारखं काहीतरी आणि मागून हळूहळू गोड. इतकं चांगलं की माझं तोंड आपोआप परत उघडलं. ते बघून ब्योरेकाकांना ठसका लागला, दोघांनी पाठीवर थापट्या मारल्या. बुस्तियानूकाकांनी दुसरा तुकडा कापला, भरवला. मग तिसरा. मग, हात तसेच अडकलेले म्हणून, मटण.

माझ्या चाकूकडे कुणीही बघितलं नाही. पोलाद कुठलं, कुणी विचारलं नाही. घरी आल्यावर तो गरम पाण्यात दोन दिवस ठेवला, आता उघडतो, पण टक् होत नाही.

यंदाचं मत कायम झालं का, ते तोनियाला विचारायची माझी हिंमत झाली नाही. या महिन्यात मात्र बस आली तेव्हा ड्रायव्हरनं एकाऐवजी दोन ढेपा दिल्या, आणि वर कागदात गुंडाळलेलं एक मऊ पुडकं. सासूबाईंनी स्वतः शिवलेलं लाळेरं होतं. पांढरं शुभ्र, कडेनं लाल दोऱ्याच्या छोट्या छोट्या मेंढ्या.

मला एकदम भरून आलं. तोनियाला म्हणालो, "बघ, किती हौस आहे त्यांना. पण जरा घाई करतायत गं, आपल्याकडं अजून तसं काही नाहीये."

तोनियानं लाळेरं उलगडलं, माझ्याकडे बघितलं, मग मागून येऊन माझ्या गळ्याला बांधून बघितलं.

बरोबर मापाचं होतं.